जाड पिस्टनचा फवारणी पंप घेतला तर फवारा जोरात येतो का?

नाही. उलट तेवढ्याच ताकदीच्या माणसाला बारीक पिस्टनमधून जास्त दाब काढता येतो. मी पाठीवरचे पंप दुरुस्त करतो, तेव्हा 'दांडा जड आहे म्हणजे पंप दमदार' हे नेहमी कानावर येतं. तसं काही नसतं.

पिस्टनवरचा जोर म्हणजे दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. दाब चौरस सेंटिमीटरला 3 किलो धरा. पिस्टनचा व्यास 40 मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ 38 किलोचा जोर. दांड्याची तरफ पाचपट धरली तर हाताला साडेसात किलो येतात. व्यास 30 मिलिमीटर केला की पिस्टनवर 21 किलो, हाताला सव्वाचार. अर्थात फुकट काही मिळत नाही: दर खेपेला पाणीही तेवढंच कमी जातं, म्हणून दांडा पावणेदोनपट वेळा हलवावा लागतो.

फवारा किती पडणार ते नोझलचं भोक आणि दाब ठरवतात. त्याच नोझलमधून दुप्पट पाणी हवं तर दाब चौपट करावा लागेल. त्यापेक्षा नोझल बदला, स्वस्तात काम होतं. आणि दाब वाढवला की थेंब बारीक होऊन वाऱ्यावर जातात, ते नाकातोंडात येतात. तणनाशक मारताना तर दाब कमीच ठेवा, शेजारचं पीक जळेल.

तुमचा दांडा आधी हलका होता आणि आता झटके देतोय, असं तुम्ही लिहिलंय. मग पिस्टन सोडा, प्रेशर चेंबर बघा. पिस्टन पाणी ठोक्याठोक्याने देतो, चेंबरमधली हवा स्प्रिंगसारखी दबून फवारा सलग ठेवते. 3 किलो दाबाला ती चौथ्या हिश्श्यात मावते. ती निघून जाऊन चेंबर पाण्याने भरलं, की पाणी काही दबत नाही आणि प्रत्येक ठोका थेट हाताला लागतो. टाकी रिकामी करा, दाब सोडा, चेंबरमधलं पाणी काढून टाका. तरी फरक पडला नाही तर वॉशर कोरडा पडून घासतोय का पाहा.

बाकी मिनिटाला 600 मिलिलिटर फवारा 3 किलो दाबाने सोडायला लागते जेमतेम 3 वॅट शक्ती. खांदे भरून येतात ते मुख्यतः पाठीवरच्या 16 लिटर पाण्याने.