रेणूच्या पिंजऱ्यात प्रदूषक अडकला की उष्णता का मोजायची?

प्रश्न : मी कोल्हापुरात एमएस्सी केमिस्ट्री करतेय. पंचगंगेचं पाणी बघून प्रोजेक्ट पाण्यावरच करायचं ठरवलंय. सायक्लोडेक्स्ट्रिन सेंद्रिय प्रदूषक पकडतं म्हणतात, मग त्यात उष्णता कशाला मोजायची? स्पेक्ट्रोमीटरवर भागत नाही का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : भागतं की, पण अर्धंच. किती पकडलं ते कळतं, का पकडलं ते कळत नाही. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे ७ ग्लुकोजची कडी, बुड नसलेल्या बादलीसारखी, हाच आपला पिंजरा, आतली पोकळी पाण्याला फारशी न मानवणारी, त्यामुळे बिस्फेनॉल-ए (प्लास्टिकमधून येणारं प्रदूषक) सारखा रेणू आला की आतलं पाणी बाहेर पडतं आणि तो आत बसतो आणि या सगळ्या अदलाबदलीत उष्णता सुटते. अगदी थोडी, पण आयटीसी मशीन (आयसोथर्मल टायट्रेशन कॅलरीमीटर, दोन द्रावणं मिसळताना होणारी उष्णता मोजणारं यंत्र) ती पकडतं. सेलमध्ये एक द्रावण, सिरिंजमधून दुसरं काही मायक्रोलिटर, थांबून थांबून. सुरुवातीला आलेखावर उष्णतेचे पीक (उंचवटे) मोठे येतात, पिंजरे भरत आले की लहान होत जातात. त्या एकाच रनमधून पकड किती घट्ट, उष्णता किती, आणि एका पिंजऱ्यात किती रेणू, तिन्ही मिळतं.

आता हे कामाला कसं येतं बघा. समजा २५ अंशांना बंध स्थिरांक (पकड किती घट्ट ते सांगणारा आकडा) १०,००० आला आणि एन्थाल्पी, म्हणजे पकडताना होणारी उष्णता, उणे ३० किलोजूल प्रति मोल (उणे म्हणजे सुटणारी), तर ६० अंशांना तोच स्थिरांक साधारण २,८०० वर येतो. म्हणजे गरम केलं की पकड सैल होते, पण पिंजरा रिकामा होईल एवढी नाही, मग या पिंजऱ्यांचा फिल्टर परत वापरायचा तर तो धुवायला मेथॅनॉलसारखं काहीतरी लागणार. हा निर्णय नुसत्या शोषणाच्या आकड्यावरून घेताच येत नाही, म्हणून मला ही मोजणी इतकी महत्त्वाची वाटते.

नदीचं पाणी मात्र थेट सेलमध्ये घालू नका. त्यात प्रदूषक इतके कमी असतात की उष्णता दिसणारच नाही, वर क्षारांचा गोंधळ. आधी शुद्ध पाण्यात एकच प्रदूषक घ्या. आणि हो, बीटा प्रकार लिटरला १८ ग्रॅमच्या आसपास विरघळतो, त्यामुळे फिल्टरसाठी तो पॉलिमरमध्ये बांधावाच लागतो.

ब्लँक रन, म्हणजे सिरिंजमधलं द्रावण नुसत्या द्रावकात सोडून केलेली मोजणी, चुकवू नका. सेल आणि सिरिंजमधलं द्रावक एकदम सारखं पाहिजे, एका बाजूला मेथॅनॉल जरा जास्त झालं तरी मिसळण्याचीच उष्णता एवढी येते की खरा सिग्नल बुडून जातो.