क्रुगर राष्ट्रीय उद्यानात पहिल्यांदा स्वतः गाडी चालवणार असाल तर

दक्षिण आफ्रिकेत गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे ती भीती सोडा. खरी चूक होते अंतराच्या हिशोबात. डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि कच्च्यावर 40 किमीची मर्यादा आहे. थांबत-थांबत गेलात तर सरासरी 20-25 च पडते. म्हणजे स्कुकुझा ते सातारा या मुक्कामाच्या कॅम्पमधलं (हो, कॅम्पचं नाव खरंच सातारा!) साधारण 93 किमी अंतर अर्धा दिवस खातं. मे ते जुलैत कॅम्पची फाटकं संध्याकाळी 5:30 ला बंद होतात आणि उशिराला दंड असतो.

काळ मे ते सप्टेंबरचा निवडा. गवत वाळतं, पाणी आटतं, प्राणी पाणवठ्यावर येतात. मात्र पहाटे कडाक्याची थंडी असते, जाड जॅकेट हवंच. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा.

सकाळी फाटक उघडताच, 6 ला निघा. स्कुकुझा-लोअर साबी हा नदीकाठचा रस्ता बिबट्यासाठी उत्तम, पण गर्दीचा. हत्तीने कान पसरून डोकं झटकलं की हळूच मागे सरका. म्हणून इंजिन चालू ठेवा आणि मागची वाट मोकळी. ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरू नका, फोटोसाठीसुद्धा.