उजनीवरचा रात्रीचा मुक्काम

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

उजनी धरणाच्या पाण्यात होडीतच रात्री काढत फिरायचा तुझा बेत कळला. दिवसाचं तू निभावशील. मला काळजी आहे ती मुक्कामाची. दुपारी चारच्या आत जागा गाठायचीच, एवढं आधी मनाशी पक्कं कर. उन्हाळ्यात वळीव येतो तो बहुधा दिवस कलताना, आणि पावसाच्या आधी वारा येऊन धडकतो. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट अशाच संध्याकाळच्या वादळात उलटली आणि 6 जण गेले. लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याची वाट होती ती.

वारा पश्चिमेचा असेल तर पश्चिमेच्याच काठाला, टेकाडाच्या आडोशाला लाग. तिथं लाट उठायला पाणीच उरत नाही. समोर मैलभर मोकळं पाणी असलेला पूर्वेचा काठ कितीही देखणा दिसो, थांबू नकोस. नांगर सुटला तर होडी सरळ खडकावर आपटेल. वळवाचा वारा मात्र एका दिशेला बांधलेला नसतो, म्हणून होडी चहूबाजूंनी फिरेल एवढी जागा ठेव. ओढ्याच्या तोंडाशी पाणी निवांत असतं, तिथं मोह होतो. पण वर कुठं पाऊस झाला तर ओढा लोंढा घेऊन उतरतो. आभाळ भरलेलं असताना तिथं अजिबात नको.

नांगर काळ्या गाळात छान रुततो, खडकावर नुसता घसरतो. दोर खोलीच्या पाचपट सोड, वारा असेल तर सातपट. 3 मीटर पाण्यात म्हणजे 15 ते 21 मीटर. खोली धरताना नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यावरची उंचीही मिळव. मग काठावरची दोन झाडं एका रेषेत धरून बस. वारा तोच असून रेष मोडली, तर नांगर घसरतोय. पुन्हा टाक, आळस करू नकोस.

या पाण्याखाली गावं आहेत. पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तशाच भिंती आणि झाडांचे बुंधे वर येतात. धरण 117 टीएमसीचं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचा राखीव साठा. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी त्या मृतसाठ्यात उतरलं, की महिन्यापूर्वीची चांगली जागा आज घातकी ठरते. नकाशावर विसंबू नकोस, भोई मंडळींना विचार. त्यांची जाळी रात्री कुठं असतात तेही विचारून घे. काठावरच्या शेतीपंपांच्या पाइपांना दोर बांधायचा नाही. तिथं विजेच्या केबल ओल्या मातीतून गेलेल्या असतात.

धरणाखाली भीमेत जायचं मनात असेल, तर विसर्ग किती क्युसेकचा चालू आहे आणि वाढणार आहे का, हे कळल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस. बंधाऱ्याच्या वर किंवा खाली लगतच मुक्काम नको.

रात्रभर सगळीकडून दिसेल असा पांढरा दिवा लाव, लाइफ जॅकेट उशाशी नको, अंगात हवं. कुठल्या काठानं जाणार ते मला आधी कळव. कुगावात माझ्या ओळखीचे भोई आहेत, त्यांना तुझ्या मुक्कामाच्या जागा सांगून ठेवतो.

तुझा काका