भिंतीवरची रेघ पुसू नका

प्रश्न : सप्टेंबर 2025 मध्ये सीनेचं पाणी आमच्या गावात शिरलं. पुढच्या पुरात कोणत्या घराला किती धोका, याची यादी ग्रामपंचायतीला करायची आहे. पण गावाजवळ नदीची पातळी मोजणारं काही नाही, जुनी नोंदही नाही. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक भगिनी, मोहोळ तालुका

उत्तर : ताई, आधी दवंडी द्या : भिंतीवरची गाळाची रेघ कोणी पुसू नका. तीच तुमची नोंदवही. खिळ्याने खूण करा, फोटो काढा.

मग गवंड्याची पाण्याची लेवल नळी घ्या, आतला बुडबुडा काढून. मारुतीच्या देवळाचा ओटा शून्य धरा आणि प्रत्येक घराचं जोतं त्याच्या किती वर-खाली आहे ते लिहा. पाटबंधारे खात्यात असताना मी एक घर नकाशावरून ‘सुरक्षित’ ठरवलं होतं. रस्ता दोनदा उंच झाला होता, उंबरा त्याच्याखाली गेला होता. पावसाळ्यात भिंत बसली. जोतं मोजलं असतं तर कळलं असतं. ते घर अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

उपग्रहाची मदत होते. सेंटिनेल-1चं रडार ढगांतूनही पाणी दाखवतं, शिवार किती बुडालं ते कळतं. पण दाट वस्तीत ते चाचपडतं. उंचीचे फुकट नकाशे 30 मीटरच्या चौकटींचे, त्यांत चूक मीटरांची. आपला प्रश्न फुटांचा आहे.

पाणी किती फूट, इतकंच लिहून भागत नाही. किती तास थांबलं आणि भिंत कशाची, हेही लिहा. दोन फूट पाण्यात सिमेंटचं घर धुऊन निघतं. माळवदाच्या घराची मातीची भिंत पायातून भिजते आणि कधी कधी पाणी ओसरल्यावर, माणसं परत राहायला आली की ढासळते. माझ्या पाहण्यातल्या पंचनाम्यांत नुकसान लिहिलेलं असे, पाण्याची उंची क्वचितच.

म्हाताऱ्यांना साल विचारू नका, पायरी विचारा. “थोरलीच्या लग्नाच्या वर्षी चावडीच्या तिसऱ्या पायरीला पाणी” हे पक्कं निघतं. साल लग्नावरून काढा.

नदीच्या खालच्या अंगाला वडकबाळला केंद्रीय जल आयोग सीनेची पातळी मोजतो. लांबोटीला सोलापूर-पुणे महामार्ग या पुरात बंद पडला त्या दिवसांचे आकडे मागा, शेजारी तुमच्या रेघा मांडा. असा पूर किती वर्षांनी येतो, याचा अंदाज तिथल्या जुन्या आकड्यांवरून लागेल. सरकारी पूररेषांपैकी निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. तुमच्या गावाला त्या आखल्यात का, जलसंपदा खात्याला लेखी विचारा.

नळीचं काम पाडव्याच्या रंगरंगोटीआधी उरका.