फाइलमधल्या डुप्लिकेट ओळी काढायला युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमची यूनिक (uniq) कमांड चालवूनही काही राहतात, मित्राने सांगितलेला डॅश यू (-u) हा पर्याय लावला तर ओळी भलत्याच कमी झाल्या. क्रम न बदलता डुप्लिकेट कशा काढायच्या?

त्या मित्राला आधी विचारा की डॅश यू नक्की कशाला लावायचा म्हणाला होता. मी विचारलं नव्हतं.

राहिलेल्या डुप्लिकेटचं कारण साधं आहे. यूनिक फक्त शेजारशेजारच्या ओळी ताडून बघते, मधे एक वेगळी ओळ आली की मागचं सगळं विसरते. बग नाही, १९७३ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या युनिक्समधे ही कमांड आली, तेव्हा मेमरी चिमूटभर असायची, अख्खी फाइल लक्षात ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून आधी सॉर्ट मारायचं, म्हणजे ओळी क्रमाने लावून सारख्या ओळी शेजारी आणायच्या, आणि ते पाइप करून, म्हणजे थेट पुढच्या कमांडला जोडून, यूनिकला द्यायचं.

आता डॅश यू. नोकरीचं पहिलं वर्ष, ट्रेनिंगला नाव नोंदवलेल्या लोकांच्या ईमेलची फाइल माझ्याकडे आली, ६,२०० ओळी. मी व्यवस्थित सॉर्ट, पाइप, यूनिक असं लिहिलं होतं, एंटर दाबणार तेवढ्यात आमचे सिनियर मागून जाता जाता म्हणाले, "एवढं लांबड कशाला, डॅश यू लाव की." मी नवी, ते सर, मी निमूटपणे ओळीच्या शेवटी डॅश यू लावला. म्हणजे यूनिकला. ५,४०० ओळी आल्या, मला वाटलं वा, बरीच साफसफाई झाली, आणि मेल पाठवून टाकले.

सॉर्टचा डॅश यू म्हणजे प्रत्येक ओळ एकदाच ठेव. यूनिकचा डॅश यू म्हणजे जी ओळ एकदाच आली तेवढीच ठेव, जी दोनदा आली तिची एकही कॉपी नको. अक्षर तेच, काम जवळजवळ उलटं. ३७० जणांनी दोनदा नोंदणी केलेली, २० जणांनी तीनदा, हे सगळेच्या सगळे ३९० उडाले. बरोबर आकडा ५,७९० यायला हवा होता. आणि गंमत बघा, फॉर्मचं बटण दोनदोनदा दाबणारी माणसं कोण असतात? सगळ्यात उतावळी. मेल आला नाही म्हणून फोन करणारीही तीच. दोन दिवस मी फक्त सॉरी म्हणत होते, आणि मीटिंगमधे सर म्हणाले, "मी सॉर्टला लाव म्हटलं होतं, बेसिक गोष्ट आहे." नाही म्हटलं होतं सर. "डॅश यू लाव की" एवढंच म्हटलं होतं, आणि कर्सर यूनिकच्या पुढे होता. माझी मूळ कमांड बरोबर होती हे त्या मीटिंगमधे कोणाच्याच तोंडून निघालं नाही, माझ्याही नाही.

तेव्हापासून मी सॉर्ट डॅश यू वापरतच नाही. लोक हसतात, एका कमांडचं काम दोनात करते म्हणून. हसू दे. लांबड लिहिलं की शेवटी डॅश सी लावून कुठली ओळ किती वेळा आली ते दिसतं, डॅश डी लावून फक्त रिपीट झालेल्या बघता येतात, आणि काहीही उडवायच्या आधी मी ते बघतेच. ओळी आधी किती, नंतर किती, फरक का, हे तोंडी सांगता आलं नाही तर मी ती फाइल पुढे देत नाही.

हां, सॉर्ट डॅश यू वाईट आहे असं नाही, मोठ्या फाइलला तीच सोयीची पडते, फक्त की, म्हणजे ओळीतला कुठला भाग ताडायचा ते, दिलीत तर ती तेवढ्याच भागाची तुलना करते आणि बाकीची ओळ वेगळी असली तरी उडवते.

तुमचा क्रमाचा प्रश्न राहिलाच. ऑक (awk) ही मजकूर ओळीओळीने वाचणारी कमांड वापरा. अख्खी ओळ ॲरेची, म्हणजे मोजणीच्या यादीची, की (तिथलं नाव) करायची, तिचा काउंट शून्य असेल तरच छापायची आणि काउंट एकने वाढवायचा, एका ओळीचा प्रोग्राम आहे. सॉर्ट लागत नाही, पहिली कॉपी जागच्या जागी राहते. पण प्रत्येक वेगळी ओळ रॅममधे बसते, म्हणून फाइल अवाढव्य असेल तर आधी ओळींना नंबर द्या, मजकुरावर सॉर्ट करून डुप्लिकेट काढा, मग नंबरावर परत सॉर्ट करा आणि नंबर कापून टाका.

एवढं करूनही डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या ओळी राहिल्या तर शेवटी स्पेस असेल, किंवा विंडोजमधून आलेला कॅरेज रिटर्न, म्हणजे ओळीच्या शेवटचं न दिसणारं चिन्ह. मराठी मजकूर असेल तर अजून एक, "दुसऱ्या" मधला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे वेगळंच अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जॉइनर. दिसायला तेच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. आधी एकसारखं करून घ्या, मग डुप्लिकेट काढा.

आणि यूनिकला दोन फाइलची नावं देऊ नका, ती दोन्ही वाचत नाही, पहिली वाचते आणि दुसरीवर लिहून टाकते, काही न विचारता. हे मला कसं कळलं ते कोणी वेगळा प्रश्न टाकला तर सांगेन, त्यात सरांचा काही दोष नव्हता.