‘सोलून घ्या’चं इंग्रजी

प्रश्न असा आहे: आईची पाककृतींची जुनी वही मुलांसाठी इंग्रजीत आणायची आहे. तिच्यात लसूण, मटार, कोळंबी, नारळ, डाळिंब्या सगळंच ‘सोलून घ्यावे’. मग सगळीकडे ‘पील’ लिहिलं तर चालेल का? आणि जाता जाता विचारलं आहे की चेहऱ्याच्या स्क्रबवर ‘एक्सफोलिएट’ असतं, त्यात म्हणे पान दडलंय. ते कुठून आलं?

सगळीकडे ‘पील’ चालणार नाही. इंग्रजी आधी आवरण कसलं आहे ते बघते. स्किन, शेल, हस्क, हल ही आवरणांची नावं, आणि तीच आवरण काढण्याची क्रियापदंही. नवशिक्याला हे उलटं वाटतं, कारण ‘बटर’चं क्रियापद झालं की पावाला लोणी लागतं, आणि ‘स्किन’चं झालं की कातडी निघते! आपण सहसा सालीवरून क्रियापद करत नाही, ‘साल काढणे’ म्हणतो. आपल्या क्रियापदांचं लक्ष हाताकडे असतं. बोटांनी सोडवलं की सोलणं, धारेनं उतरवलं की तासणं, शेंडा नखानं तोडला की खुडणं, डहाळीवरून मूठ ओढली की ओरबाडणं. म्हणून वही उतरवताना प्रत्येक ‘सोलून’पाशी थांबा आणि निघतंय ते नेमकं काय, हे आधी ठरवा.

लसूण, केळं, बटाटा यांना ‘पील’ बरोबर. या शब्दाचं मूळ लॅटिन ‘पिलारे’मध्ये आहे, म्हणजे केस काढणे, ‘डेपिलेट’ त्याच घरातला. सुरीनं पातळ साल उतरवायची असेल तर ‘पेअर’ अधिक नेमका, आपल्या तासण्याच्या जवळचा. कोळंबीला ‘पील’ आणि ‘शेल’ दोन्ही चालतात. मटाराला मात्र ‘शेल’, ब्रिटनमध्ये ‘पॉड’सुद्धा. पाकिटावर ‘शेल्ड’ दिसलं तर आत नुसते दाणे आहेत असं समजायचं.

नारळाला दोन पायऱ्या आहेत. पहारीवर सोडण काढणं म्हणजे ‘हस्क’, आणि करवंटीतून खोबरं सोडवणं म्हणजे ‘शेल’. मक्याच्या कणसाचा पाला काढायलाही ‘हस्क’, पण अमेरिकेत ‘शक’ जास्त ऐकू येतो. तोच ‘शक’ कालवांनाही लागतो. आपण कालवं फोडतो, त्यामुळे इथे ‘सोलणे’ आडवं येतच नाही.

भाताच्या बाबतीत मराठी जास्त बारकाईनं बघते. घिरटीवर भात भरडलं की तूस निघतं. ते ‘हस्क’ किंवा ‘हल’. मग उखळात तांदूळ सडला की कोंडा निघतो. त्याला इंग्रजीत ‘पॉलिश’ म्हणतात, म्हणजे काय निघालं यापेक्षा दाणा कसा चकाकला ते सांगतात. हातसडीच्या तांदळातलं ‘सड’ त्या शब्दात कुठून येणार?

पानांचं क्रियापद शोधताना मला सगळ्यात आवडलेला शब्द उसाच्या फडातला आहे. उसाच्या वाळलेल्या पानांना आपण पाचट म्हणतो, इंग्रजीत ‘ट्रॅश’. आणि उभ्या उसाचं पाचट काढण्यालाही ‘ट्रॅश’ हेच क्रियापद आहे. कचरा हाच अर्थ माहीत असलेल्याला ‘ट्रॅशिंग’ वाचून ऊस फेकून दिला असं वाटेल. इथेही तीच रीत: जे काढायचं त्याचंच क्रियापद.

आता ‘एक्सफोलिएट’. लॅटिन ‘फोलियम’ म्हणजे पान. फोलिओ आणि फॉइल त्याचेच वंशज. झाडाचं पान, तसा कागदाचा आणि धातूचा पातळ पत्राही. एक्सफोलिएट म्हणजे थरामागून थर सुटणं, अगदी आपला पापुद्रा. खडकाचे असे पापुद्रे सुटतात तेव्हा भूशास्त्रज्ञ हाच शब्द वापरतात. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीचे ग्रॅनाइटचे घुमट त्यासाठी प्रसिद्ध आहेत. स्क्रबवर तो मृत त्वचेच्या पापुद्र्यांसाठी आला. झाडांची पानं झडवायला वेगळा शब्द आहे, ‘डिफोलिएट’. त्याचा इतिहास क्रूर आहे. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी हवाई दलानं व्हिएतनामच्या जंगलांवर ७ कोटी लिटरांहून अधिक तणनाशकं फवारली. ‘एजंट ऑरेंज’ त्यातलंच.

असाच आणखी एक लॅटिन शब्द मराठी माणसाला चटकन उमगतो. ‘कोरियम’ म्हणजे कातडं, त्यावरून ‘एक्सकोरिएट’, म्हणजे एखाद्यावर जहरी टीका करणं. आपण सालटी काढतो, खरडपट्टी काढतो. दोन्ही भाषांना राग आला की कातडीच आठवते.

आणि डाळिंब्या. भिजवून मोड आणलेल्या वालाचं साल चिमटीत दाबलं की दाणा टुणकन बाहेर येतो. इथे ‘शेल’ लिहू नका, वाचणारा शेंग शोधत बसेल. ‘पील’नं काम भागेल, पण ती चिमूट हरवेल. ब्रिटनमध्ये ‘ब्रॉड बीन’ शेंगेतून काढून पुन्हा आतलं साल काढतात, त्याला ‘डबल पॉडिंग’ म्हणतात. वाचणारी मुलं तिकडची असतील तर तो दाखला द्या. बाकी मी ‘स्लिप ऑफ द स्किन्स’ लिहीन, कारण ‘स्लिप’मध्ये दाणा निसटतो. आणि त्याआधी वाल किती तास भिजवायचे ते वहीत नसेल तर आईला विचारून घ्या, कारण नीट न भिजलेल्या वालाचं साल कुठल्याच क्रियापदानं निघत नाही.