'काहीही करेन' असं लिहू नकोस

प्रिय भावी सहकारी,

तुझी मेल वाचली. सिनेमा-मालिकांच्या क्षेत्रात कोणाची ओळख नाही, महागडा कोर्स परवडणारा नाही, पण उमेदवारी करत शिकायची तयारी आहे, हे तू आडपडदा न ठेवता लिहिलंस ते आवडलं. फक्त शेवटचं वाक्य खोड. "सेटवर काहीही करेन, एक संधी द्या." ते मनापासून आलंय हे कळतं. पण ही मेल ज्याच्याकडे जाणार, तो लाइन प्रोड्यूसर (शूटचा रोजचा खर्च आणि व्यवस्था बघणारा) असेल नाहीतर फर्स्ट एडी (पहिला सहायक दिग्दर्शक). शूट चार दिवसांवर आलेलं असतं आणि कुठल्यातरी एका विभागात एक माणूस कमी पडत असतो. कलाविभागाला सामानाच्या याद्या सांभाळणारं कोणी हवं असतं, साउंडला केबल ओढणारं. 'काहीही करेन' म्हणणाऱ्या मुलीला कुठे लावायचं याचा विचार त्यालाच करावा लागतो आणि तेवढी उसंत त्याला नसते. त्याऐवजी असं लिही: पटकथेचं ब्रेकडाउन येतं, कंटिन्युइटीत उमेदवारी करायची आहे, अमुक तारखेपासून पूर्णवेळ मोकळी आहे. (ब्रेकडाउन म्हणजे कुठल्या सीनला काय काय लागेल याची सीनवार नोंद. कंटिन्युइटी म्हणजे एका शॉटमधले कपडे, सामान, हालचाली पुढच्या शॉटशी जुळतात ना, हे बघण्याचं काम.) एवढं वाचून माणूस नंबर सेव्ह करतो.

मी बरीच वर्षं कंटिन्युइटी केली, नंतर एडी झाले. तेव्हापासून नव्या मुलामुलींना कामावर घेण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच आलंय. कोणाला पुन्हा बोलावलं आणि कोणाला नाही, याचा विचार केला की एक गोष्ट सारखी समोर येते. सेटवर प्रत्येक माणूस दुसऱ्याकडून येणाऱ्या माहितीवर अवलंबून असतो. कॅमेऱ्याला लेन्स कुठली ते कळायला हवं, मेकअपला सीन कुठला, संकलकाला टेक (त्याच शॉटचा कितवा प्रयत्न) कुठला. उमेदवार ही माहिती इकडून तिकडे नेत असतो. आपल्या पुढच्या माणसाला काय लागणार आहे हे ज्याला त्याने मागायच्या आधी उमगतं, त्याला फोन येत राहतात. हुशारी, चित्रपटांचं प्रेम, स्वतःची शॉर्टफिल्म, हे सगळं त्यानंतर.

आता विभाग. दहा अर्ज आले तर त्यातले बहुतेक दिग्दर्शनाकडे येण्यासाठी असतात, कारण बाहेरून तेवढंच दिसतं. साउंड, संकलन, कलादिग्दर्शन, वेशभूषा, प्रॉडक्शनचं ऑफिस इथे गर्दी कमी आणि शिकवणारी माणसं अनेकदा जास्त मोकळी. तुझ्या मेलमध्ये तू एडिटिंग थोडं येतं असं ओझरतं लिहिलंयस. ते वर आण. संकलकाच्या खोलीत फुटेज लावणारा असिस्टंट रोज पाहतो की दिग्दर्शकाला नेमका कुठला टेक चालला आणि कुठला नाही. दिग्दर्शन शिकायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

ब्रिटिश दिग्दर्शक डेव्हिड लीन १९२७ साली ब्रिटनमधल्या एका स्टुडिओत चहा देण्यापासून आणि क्लॅप (शॉटच्या सुरुवातीला आपटायची पाटी) देण्यापासून लागला. तिथून तो संकलनाच्या टेबलावर गेला आणि त्याचा पहिला दिग्दर्शित चित्रपट आला १९४२ मध्ये. व्ही. शांताराम १९२० मध्ये बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले ते पडेल ते काम करायला. दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव लागलं १९२७ मध्ये. या गोष्टी लोक 'बघा, तळातून कुठे पोचले' म्हणून सांगतात. मला त्यातली मधली वर्षं महत्त्वाची वाटतात. लीनच्या चित्रपटांतले कट इतके नेमके का, याचं उत्तर त्या टेबलावर गेलेल्या वर्षांमध्ये आहे.

मालिका की चित्रपट, हेही तू विचारलंयस. आधी मालिका, असं माझं मत आहे. चित्रपटात दिवसाला दोन-तीन मिनिटांचं काम पदरात पडलं तरी दिवस चांगला गेला म्हणतात. रोजच्या मालिकेत त्याच्या कितीतरी पट काम एका दिवसात उरकावं लागतं. हात लवकर बसतो. वाईट सवयीही लवकर लागतात, म्हणून तिथे वर्षानुवर्षं अडकून पडू नकोस.

घरबसल्या शिकण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती बहुतेक मुलं करत नाहीत: ब्रेकडाउन. पटकथेचं एक पान साधारण एका मिनिटाचं धरतात आणि त्या पानाचे आठ भाग पाडतात. मग सीन 'दोन अष्टमांश' किंवा 'एक पान तीन अष्टमांश' असा मोजला जातो. प्रत्येक सीनसाठी एक कागद घ्यायचा. त्यावर लिहायचं: आत की बाहेर, दिवस की रात्र, पात्रं कोण, सामान काय, कपडे कुठले, गाडी, जनावर, पाऊस, धूर, जखम. कथेत रविवारच्या पावसात भिजलेली बाई सोमवारच्या सीनमध्ये शिंकत असेल, तर तेही. हे कागद हातात आल्यावर फर्स्ट एडी ते कथेच्या क्रमाने लावत नाही. एका ठिकाणचे सगळे सीन एकत्र, रात्रीचे एकत्र, दोनच दिवस मिळणाऱ्या नटाचे एकत्र. म्हणून लग्न आधी शूट होतं आणि पहिली भेट तीन आठवड्यांनी. तुझ्या कागदावर एक छत्री राहून गेली, तर त्या दिवशी शंभर माणसं छत्रीची वाट बघत उभी राहतात. कॉल शीट हा याच कागदांचा शेवटचा अवतार: कोणी किती वाजता यायचं, कुठले सीन, सूर्योदय-सूर्यास्त कधी, जवळचं हॉस्पिटल कुठलं. आदल्या रात्री ती हातात पडली की झोपायच्या आधी पूर्ण वाच, फक्त स्वतःच्या नावासमोरची वेळ बघून ठेवून देऊ नकोस.

पहिल्या दिवशी हातात बहुधा क्लॅप येईल. लोकांना ते पोरखेळाचं काम वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. चित्र कॅमेऱ्यात रेकॉर्ड होतं, आवाज वेगळ्या यंत्रावर. दोन पट्ट्या एकमेकींवर आपटतात ती फ्रेम आणि आवाजाच्या आलेखात त्याच क्षणी उठलेलं टोक, हे दोन्ही एकावर एक बसवले की चित्र आणि आवाज जुळतात. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात. त्यातल्या दोन-तीन सरकल्या तरी ओठ आणि शब्द वेगळे पडल्याचं प्रेक्षकाला जाणवतं, कारण सांगता आलं नाही तरी. आता टाइमकोडवर, म्हणजे दोन्ही यंत्रांवर एकसारख्या चालणाऱ्या वेळेच्या नोंदीवर, हे काम आपोआप होतं, पण टाइमकोड कधीतरी भरकटतो आणि तेव्हा संकलकाकडे क्लॅपच उरतो.

म्हणून क्लॅपच्या बोर्डवरचे आकडे आधीचा टेक संपताच बदल, 'रोल'ची (रेकॉर्डिंग सुरू करण्याची) हाक येईपर्यंत थांबू नकोस. फ्रेम किती रुंद आहे ते कॅमेरा असिस्टंटला विचार आणि बोर्ड फ्रेमच्या आत, फोकसमध्ये धर. साउंड 'स्पीड' (म्हणजे आवाज रेकॉर्ड होतोय) म्हणाला की सीन, शॉट, टेक हे स्पष्ट आवाजात वाच, एकदाच आपट आणि पट्ट्या मिटलेल्या क्षणभर तशाच धर. मग बाहेर पड आणि जिथे जाऊन थांबशील तिथे श्वाससुद्धा जपून घे. कुठे थांबायचं ते टेकच्या आधीच हेरून ठेव. नटाच्या नजरेच्या रेषेत तर अजिबात नको. क्लोजअप असेल तर बोर्ड चेहऱ्याजवळ येतो. समोरचा नट डोळ्यांत पाणी आणून बसलेला असतो. तिथे पट्ट्या हळूच मिटायच्या आणि आवाजही खाली आणायचा. सुरुवातीला क्लॅप देता आला नाही तर टेकच्या शेवटी बोर्ड उलटा धरून देतात. आवाजाशिवायच्या शॉटला पट्ट्यांमध्ये बोटं ठेवून दाखवतात, म्हणजे संकलक आवाज शोधत बसत नाही. क्लॅप कसा देते यावरून मुलगी पुढे कशी काम करेल ते मला बऱ्यापैकी कळतं.

कंटिन्युइटीचंही तसंच. नट पाण्याचा ग्लास उचलतो. कुठल्या हाताने, कुठल्या शब्दावर, पाणी कुठपर्यंत होतं, खाली ठेवल्यावर ग्लास कशाच्या कुठल्या बाजूला गेला? फोनवर फोटो काढून भागत नाही, कारण फोटोत शब्द येत नाही. संवादाच्या कागदावर त्या शब्दाखाली खूण करायची. दिग्दर्शक विचारेल तेव्हा "बहुतेक उजव्या" असं उत्तर देऊ नकोस. माहीत नसेल तर "नाही पाहिलं, मॉनिटरवर चालवून सांगते" म्हण. अंदाजावर दिलेलं ठाम उत्तर संकलनात उघडं पडतं, आणि तोवर सेट मोडलेला असतो.

डेटाच्या, म्हणजे शूट केलेलं फुटेज सांभाळण्याच्या, कामात एकच नियम पाठ कर: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक वेगळ्या जागी. प्रती तपासून झाल्याचं डेटा सांभाळणाऱ्याने स्वतः सांगितल्याशिवाय कुठलंही कार्ड पुसायचं नाही, कोण कितीही घाई करो.

प्रश्न जरूर विचार, पण वेळ बघून. लाइट लागत असताना गॅफरजवळ (लाइटच्या प्रमुखाजवळ) उभं राहून बघ. प्रश्न मनात ठेव आणि जेवणाच्या सुट्टीत विचार. बहुतेक जुनी माणसं आनंदाने सांगतात, कारण त्यांना असं विचारणारं फार कोणी नसतं. लाइटच्या आणि सामानाच्या माणसांची नावं पहिल्याच दिवशी शिकून घे. त्यांच्यातल्या अनेकांनी तुझ्या दिग्दर्शकापेक्षा जास्त सेट पाहिलेले असतात.

आता ज्याबद्दल तू विचारलं नाहीस ते. पैसे. उमेदवारी म्हणजे फुकट राबणं नव्हे. खऱ्या उमेदवारीत शिकवणारा माणूस ठरलेला असतो, मुदत ठरलेली असते आणि थोडं का होईना मानधन असतं. हे तिन्ही लेखी माग, निदान मेलवर. नामावलीत नाव येणार का, कामाचे तास किती, रात्री उशिरा सुटलं तर घरी सोडणार का, हेही आधी विचार. असं विचारल्याने काम जातं अशी भीती घालणारे भेटतील. नीट चालणाऱ्या युनिटमध्ये हे प्रश्न रोजचे असतात. काम देतो म्हणून तुझ्याकडूनच पैसे मागणारा माणूस फसवणारा आहे, यात अपवाद शोधू नकोस. कामाची बोलणी कोणाच्या घरी किंवा हॉटेलच्या खोलीत करायची नाहीत. ऑफिस नसेल तर चार लोक असतील अशा जागी भेटायचं आणि कोणाला तरी सांगून जायचं.

आणि जिवाची काळजी. २० फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जियात सारा जोन्स नावाची २७ वर्षांची कॅमेरा असिस्टंट रेल्वेच्या पुलावर शूट चालू असताना मालगाडीच्या धडकेत गेली. त्या रुळांवर शूट करायला रेल्वे कंपनीने परवानगी दिलेलीच नव्हती. पुढे दिग्दर्शकाने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. जगभरच्या युनिट्सनी तिचं नाव आपापल्या क्लॅपवर लिहिलं. त्याआधी १९९७ मध्ये ब्रेंट हर्शमन हा कॅमेरा असिस्टंट १९ तासांचा दिवस संपवून घरी जाताना गाडी चालवताना झोप लागून अपघातात गेला. त्यानंतर सिनेमॅटोग्राफर हॅस्केल वेक्सलर यांनी कामाच्या तासांना मर्यादा घालण्यासाठी मोहीम चालवली. दोघांचंही काम असिस्टंटचं होतं, म्हणून ही नावं तुला सांगते. उंचावर चढायला, पाण्यात उतरायला, वाहत्या रस्त्यावर उभं राहायला कोणी सांगितलं, तर परवानगी आहे का आणि सुरक्षेचं कोण बघतंय, हे विचारायचा हक्क तुला पहिल्या दिवसापासून आहे. उत्तर मिळालं नाही तर जायचं नाही. त्यापायी एखादं काम सुटलं तर सुटू दे. दुसरं मिळवून द्यायला मी मदत करेन.

आता तू काय करायचंस ते सांगते. पाच पानांची एखादी पटकथा घे, तुझी स्वतःची असली तर उत्तमच. तिचं ब्रेकडाउन कर, सीन अष्टमांशात मोज आणि ती दोन दिवसांत शूट करायची असं धरून सीनचा क्रम लाव. प्रत्येक सीन तिथेच का ठेवलास, ते शेजारी एका ओळीत लिही. नव्या मेलसोबत ते मला पाठव. मी खुणा करून परत देईन, दुरुस्त करून पुन्हा पाठव. माझ्या ओळखीच्या एका फर्स्ट एडीचं छोटं शूट पुढच्या महिन्यात आहे आणि तिला कंटिन्युइटीत हाताखाली कोणीतरी हवंय. ब्रेकडाउन नीट जमलं तर तुझी मेल तिच्याकडे जाईल, माझ्या दोन ओळींसकट. तिने बोलावलं तर होकार कळवण्याआधी दिवस किती, तास किती आणि मानधन किती ते मला सांग. आकडा कमी वाटला तर तिच्याशी कसं बोलायचं ते आपण फोनवर ठरवू.